पाच वेळा उठा, हात छातीशी

मी एका संशोधनात भाग घेतला असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "कोणतं औषध देऊन पाहिलं तुमच्यावर?" औषध नव्हतंच. पासष्टीच्या पुढची माणसं कशी चालतात, कशी उठतात-बसतात, दिवसभर काय करतात आणि नेमाने व्यायाम केला तर त्यांचं आपल्या पायांवर हिंडणं-फिरणं किती टिकतं, हे पाहणारा तो अभ्यास होता. नागपुरातल्याच एका फिजिओथेरपी कॉलेजचा. त्रिमूर्तीनगरकडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात त्यांचे सर आणि दोन विद्यार्थिनी माहिती द्यायला आले आणि मी नाव दिलं.

माझं वय एकाहत्तर. नोकरी पोस्टात, बरीचशी काउंटरवर. गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठीक. हे सांगायचं कारण असं की "मला कुठे काय झालंय, मी कशाला जाऊ" म्हणून आमच्यातल्या बऱ्याच जणी मागे सरल्या. त्यांना तर अशीच माणसं हवी होती. काठीशिवाय चालणारी, पण ज्यांचा दिवस बहुतेक बसून जातो अशी.

सही करायच्या आधी माहितीपत्रक हातात दिलं, मराठीत. पोस्टात जन्म गेल्यामुळे वाचल्याशिवाय सही करत नाही, तेव्हा घरी आणून नीट वाचलं. अभ्यास कशासाठी, किती महिने, काय त्रास होऊ शकतो (स्नायू दुखणं, तोल जाणं), व्यायाम करताना इजा झाली तर उपचार कोण करणार, आपलं नाव कोणाला दिसणार, सगळं लिहिलं होतं. केव्हाही, कारण न सांगता बाहेर पडता येईल आणि त्यामुळे पुढच्या उपचारात फरक पडणार नाही, हेही होतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत हे सगळं बंधनकारक आहे. मंडळातल्या एका बाईंना वाचता येत नाही. त्यांना पूर्ण पत्रक वाचून दाखवलं आणि अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला एक साक्षीदार बसवला. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला कागद पुढे करून "इथे करा" म्हणायची इतकी सवय आहे की कोणी समजावून सांगत बसलं तर आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा सोबत आला. त्याने पेन काढलं, "आईच्या वतीने मी करतो न सही." त्या दोन विद्यार्थिनींपैकी एका मुलीने शांतपणे सांगितलं, "दादा, काकूंना समजतंय, त्यांनी होकार दिलाय. सही त्यांचीच लागेल." मुलगा माझा गुणी आहे, माझ्यासाठी जीव टाकतो. त्याला यात काही वावगं वाटलंच नव्हतं. मलाही एरवी वाटलं नसतं.

मग प्रश्नावली. चाचण्यांपेक्षा मला तीच जास्त लक्षात राहिली.

त्यातले पहिले सहा प्रश्न अगदी मूळचे: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, जेवणं. ही यादी 1963 पासून जगभर वापरतात, सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची. ते भराभर झाले. पुढे आठ गोष्टी आल्या: फोन, बाजार, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशाचे व्यवहार. ही 1969 ची, लॉटन आणि ब्रॉडी यांची. प्रत्येकीला त्या मुलीने आधी विचारलं, "करता का?" आणि मग, "करायची वेळ आली तर जमेल का?"

स्वयंपाक करता का? नाही. जमेल का? अहो, अजून सांबारवडीचं सारण माझ्याशिवाय कोणाला साधत नाही. पण सून म्हणते, "आई, राहू द्या न, मी करते." प्रेमाने म्हणते. बाजार? मुलगा ऑफिसातून येता येता आणतो, नाहीतर फोनवरून मागवतात. कपडे मशीनला. प्रवास? कुठे जायचं म्हटलं की "थांब, मी सोडून देतो." पैशाचे व्यवहार? आयुष्यभर लोकांच्या मनिऑर्डरी, बचत खाती, किसान विकासपत्रं या हातांनी केली. एका पैशाची गफलत झाली की रात्री थांबून हिशोब लावला. आता पेन्शन कोणत्या तारखेला जमा झाली तेही मुलगाच सांगतो, कारण ते त्याच्या मोबाइलवर येतं.

आठांतल्या पाच गोष्टी अशा निघाल्या की मला जमतात, पण मी करत नाही. त्या मुलीने चौकटीत खुणा केल्या आणि बाजूच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मी विचारलं तर म्हणाली, "काकू, हे खूप जणींचं असंच येऊन राहिलंय. 'जमत नाही' आणि 'करत नाही' यांचा गुण वेगळा मोजायला पाहिजे, नाहीतर कागदावर तुम्ही आहात त्यापेक्षा जास्त परावलंबी दिसाल." तिने आणखी एक सांगितलं. ही यादी पहिल्यांदा वापरात आली तेव्हा पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे यांचे गुणच धरत नसत. बायकांचे आठ, पुरुषांचे पाच. अमेरिकेतसुद्धा. हे ऐकून मला आमच्या मंडळातले एक काका आठवले. पत्नी गेल्यावर ठणठणीत असून त्यांना मुलीकडे राहायला जावं लागलं, कारण साधा चहा करता येत नव्हता.

रोजच्या हालचालीतलं एकेक काम बंद झालं की त्या कामात लागणारे स्नायूही बंद होतात, हे मला पुढच्या खोलीत कळलं.

तिथे आधी झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून पुन्हा. उठल्यावर वरचा आकडा वीसने किंवा जास्त खाली आला तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. माझा फारसा हलला नाही. हाताची पकड मोजायचं यंत्र दिलं, जोर लावून दाबायचं. माझी साडेसोळा किलो आली. आशियाई देशांच्या तज्ज्ञांनी 2019 मध्ये ठरवलेली मर्यादा बायकांसाठी 18 आणि पुरुषांसाठी 28 आहे. त्याखाली गेलं की स्नायूंची ताकद कमी धरतात. यंत्र खाली ठेवताना मला बरं वाटलं नाही.

मग मुख्य चाचणी, तीन भागांची. जॅक गुराल्निक आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये बसवलेली. प्रत्येक भागाला चार, एकूण बारा गुण. पहिला भाग तोल. पाय जुळवून दहा सेकंद, मग एक पाऊल अर्धं पुढे ठेवून दहा सेकंद, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून दहा सेकंद. शेवटच्यात मी सहाव्या सेकंदाला हलले की काय म्हणेपर्यंत तिने हात पुढे केलाच. दुसरा भाग, चार मीटर नेहमीच्या चालीने चालणं. तिसरा भाग खुर्ची. "हात छातीशी बांधा काकू, आणि हात न टेकता पाच वेळा पूर्ण उभं राहून बसा. जमेल तितक्या लवकर." दोनदा सहज झालं. तिसऱ्यांदा मांड्या थरथरल्या, चौथ्यांदा हात आपोआप गुडघ्याकडे जाऊ लागला. पाच पूर्ण केले तेव्हा घड्याळात पंधरा सेकंद वर काहीतरी होतं. बारापैकी गुण आले आठ.

एवढ्याशा गोष्टीवरून काय कळणार, असं तिथे बऱ्याच जणांनी विचारलं. सरांनी सांगितलं ते असं: चालण्याचा वेग आणि आयुष्य यांचा संबंध पाहणारा एक मोठा अभ्यास 2011 मध्ये छापून आला, त्यात 34 हजारांहून अधिक वृद्धांची माहिती एकत्र केली होती, आणि नुसता चालीचा वेग पुढच्या वर्षांबद्दल बरंच काही सांगून जातो असं त्यात दिसलं. कारण चालायला हृदय, फुप्फुसं, नसा, सांधे, डोळे, मेंदू, सगळेच लागतात. एक जण मागे पडला की वेग कमी होतो. आपल्या देशातही मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये 45 वर्षांपुढच्या 72 हजारांवर लोकांची पाहणी केली, तिच्यात पकड, तोल आणि चाल हे घरोघरी जाऊन मोजलं होतं.

मला मात्र एक शंका होती आणि ती मी तिथेच बोलून दाखवली. आमची परीक्षा खुर्चीवरून कशाला? आमच्या घरात पूजा खाली, हरितालिका खाली, लग्नाची पंगत गावाकडे अजून खाली. माझ्या वयाच्या कितीतरी बायका भाजी खाली बसून निवडतात आणि भारतीय संडास वापरतात. खुर्चीतून उठता येणारी बाई जमिनीवरून उठू शकेलच असं नाही, आणि जमिनीवरून उठता येईनासं झालं की ती हळदीकुंकवाला जायचंच सोडते. सर म्हणाले, जमिनीवर बसून उठण्याची दहा गुणांची एक चाचणी ब्राझीलच्या संशोधकांनी तयार केली आहे, हात किंवा गुडघा टेकला की गुण कमी होतात. या अभ्यासात ती घेतलेली नव्हती. घ्यायला हवी होती, असं माझं अजूनही मत आहे.

कमरेला सात दिवस बांधायचा पट्टा दिला. त्यात हालचाल मोजणारी काडेपेटीएवढी डबी असते. आंघोळीला काढायचा, झोपताना काढायचा, आणि कधी काढला ते वहीत लिहायचं. परकरावर बांधला की नंतर आठवतसुद्धा नाही. त्या आठवड्यात मुद्दाम जास्त चालू नका असं बजावलं होतं. मी चालले नाही.

पुढे चिठ्ठीने गट ठरले. बंद पाकिटं संगणकाने लावलेल्या क्रमाने होती, आत काय आहे ते देणारीलाही माहीत नसतं. मला व्यायामाचा गट आला. माझ्या शेजारची मैत्रीण, जी माझ्यामुळेच आली होती, तिला व्याख्यानांचा: आहार, डोळे, झोप, औषधं याबद्दल महिन्यातून दोनदा माहिती. ती हिरमुसली. मलाही ते पटत नव्हतं. पण दुसरा गट नसेल तर सुधारणा व्यायामाने झाली की चार माणसांत यायला मिळालं म्हणून झाली, हे कळणार कसं? अभ्यास संपल्यावर त्या गटालाही हाच व्यायाम शिकवणार, असं पत्रकात लिहून दिलेलं होतं, म्हणून ती थांबली. आम्हाला विनंती होती की व्यायाम एकमेकींना दाखवू नका. सहा महिने आम्ही रोज संध्याकाळी फाटकाशी बोलत उभ्या राहायचो आणि तो विषय टाळायचो.

व्यायाम आठवड्यातून तीन सकाळी, समाजभवनात. टाचा उचलणं, पाय बाजूला नेणं, खुर्चीतून उठणं, फरशीच्या रेषेवर पावलापुढे पाऊल ठेवून चालणं, अडथळ्यावरून पाय टाकणं. घोट्याला वाळूचे पट्टे. पंधरा दिवसांनी वाळू वाढवायची. मला आधी वाटलं होतं हातपाय हलवून घेतील आणि सोडतील. तसं नव्हतं, जड वाटेपर्यंत नेत होते. किती जड वाटतंय ते सहा ते वीस या मापात सांगायचं होतं आणि आमच्या बायका काहीही झालं तरी "ठीक आहे" म्हणायच्या. आयुष्यभराची सवय, दुखतंय म्हणून सांगायचं नाही. शेवटी त्या मुलीने चालण्यासाठी दुसरी खूण दिली: बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. भजनी मंडळाच्या आमच्या तिघी-चौघी होत्या, त्यांना ते तात्काळ समजलं. अभंगाची ओळ अर्ध्यात तुटली की चाल बरोबर आहे.

"या वयात कुठली ताकद येणार," असं एका बाईंनी विचारलं तेव्हा सरांनी 1990 चा एक अभ्यास सांगितला. बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं होतं, आणि ज्यांनी ते पूर्ण केलं त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीच्या! त्यानंतर कोणी तो प्रश्न विचारला नाही.

प्रत्येकीने स्वतःसाठी एक काम निवडायचं होतं, जे पुन्हा एकटीने करायचं आहे. मी सांगितलं, नागपूरच्याच महाल भागात बहिणीकडे जायचंय, एकटीने. मुलगा म्हणाला, "अगं, पण मी कारने सोडतो न." सून म्हणाली, "ऊन किती होऊन राहिलं आई." दोघांचंही बरोबर होतं, पण मी जाणारच होते. सुभाषनगर स्टेशनवरून मेट्रोची अॅक्वा लाइन पकडायची, चितार ओळीला उतरायचं, पुढे ई-रिक्षा. मेट्रोत लिफ्ट आहे, बसायला जागा मिळते. अवघड आहे ते घर ते स्टेशन. आमच्याकडचा रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा उंच झाला, त्यामुळे फाटकाबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे धरायला काही नसलेली एक उंच पायरी. फूटपाथवर गाड्या, टपऱ्या, मध्येच उघडं चेंबर. संशोधनात माणसाचे पाय मोजतात. आमची हिंडण्याफिरण्याची निम्मी ताकद या पायरीवर खर्च होते, ती कोणी मोजत नाही. मी त्या मुलीला घरी नेऊन ती पायरी दाखवली. तिने तेवढ्या उंचीचा लाकडी ठोकळा समाजभवनात आणला आणि आम्हा सगळ्यांकडून त्यावर चढणं-उतरणं करून घेतलं. या सहा महिन्यांतला मला सर्वांत उपयोगी पडलेला व्यायाम तोच.

मार्च सरला तसं सगळं पहाटे सरकलं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की नागपुरात सकाळी आठनंतर म्हाताऱ्या माणसाने चालायला बाहेर पडू नये. चालण्याची मिनिटं सगळ्यांचीच घटली आणि ती तशीच वहीत लिहायला सांगितली. त्याआधी, ऊन पूर्ण तापायच्या आत, मी महालात जाऊन आले. बहिणीने दार उघडल्यावर पहिलं माझ्या मागे पाहिलं, सोबत कोण आहे म्हणून. बडकस चौकाच्या गर्दीतून मी एकटी आले यावर तिचा बराच वेळ विश्वास बसला नाही. मग तिने आल्याचा चहा केला आणि विचारलं, "मला जमेल काय गं?"

शेवटची मोजणी नव्या मुलीने केली. तिला आम्ही कोणत्या गटातल्या ते माहीत नव्हतं आणि सांगायचंही नव्हतं, म्हणजे तिच्या हातून नकळत झुकतं माप पडू नये. टाचेला अंगठा लावून दहा सेकंद पूर्ण उभी राहिले. खुर्ची तेरा सेकंदांच्या आत. चाल तशीच, पकड जवळपास तेवढीच. बारापैकी दहा. आनंद झालाच. पण मैत्रिणीचाही एक गुण वाढला होता, आणि आमच्या आधीच्या मुलीने समजावलं की चाचणी दुसऱ्यांदा देताना माणूस थोडा सरावलेला असतो, म्हणून एकटीच्या गुणांवरून काही ठरत नाही. अमेरिकेत सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या 1,635 जणांवर असाच दोन गटांचा अभ्यास झाला, 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. चारशे मीटर आपलं आपण चालता न येण्याची वेळ व्याख्यानाच्या गटात 35.5 टक्क्यांवर आली, व्यायामाच्या गटात 30.1 टक्क्यांवर. फरक मोठा दिसत नाही. पण शंभरातल्या त्या पाच जणांना मी आता ओळखते, कोणाला भाजीला जायचं असतं, कोणाला देवळात, कोणाला बहिणीकडे.

घरातही थोडं बदललं. पेन्शनचा मेसेज आता माझ्या फोनवर येतो. रविवारची भाजी मी आणते. सून पिशवी पुढे करते आणि "राहू द्या न" तोंडावर आलेलं आवरते, ते मला दिसतं आणि तिचं कौतुक वाटतं. मैत्रिणीच्या गटाचा व्यायाम सुरू झाला आहे.

शेवटी अभिप्रायाचं एक पान दिलं होतं. मी दोन गोष्टी लिहिल्या. जमिनीवरून उठण्याची चाचणी घ्या. आणि प्रश्नावलीत "करत नाही" या उत्तरापुढे कारणाचा रकाना ठेवा, त्यात "घरचे करू देत नाहीत" हाही पर्याय छापा. सरांनी ते पान वेगळं काढलं आणि पुढची प्रश्नावली तयार करायच्या बैठकीला मंडळातून दोघींना यायला सांगितलं. मी आणि मैत्रीण जाणार आहोत, मेट्रोने.